रनिंग क्लब निवडताना मी काय पाहिलं

पुण्यात कोथरूडमध्ये राहणाऱ्याला धावायला जागांची वानवा नाही. वेताळ टेकडी आहे, विद्यापीठ आहे, पाषाण तलावाचा परिसर आहे, थोडं लांब गेलं तर तळजाई. पहाटे साडेपाचला यातल्या कुठेही जा, एकसारख्या टी-शर्टातला एखादा गट वॉर्म-अप करताना दिसतोच. मी बराच काळ एकटीच धावले आणि त्यात सुखी होते. पण सातारा हिल मॅरेथॉन करायचं मनात आलं आणि सोबतीची गरज भासायला लागली. ही मॅरेथॉन म्हणजे यवतेश्वरचा घाट. २१ किलोमीटरपैकी पहिलं निम्मं अंतर जवळजवळ सगळं चढाचं आणि मग त्याच रस्त्याने खाली, तेही पावसाळ्याच्या शेवटी, ओल्या रस्त्यावर. कर्वे रस्त्याच्या पदपथावर याची तयारी कशी होणार?

नोंदणी करण्याआधी थोडे थोडे दिवस जाऊन बघायचं ठरवलं. बहुतेक क्लब त्याला हरकत घेत नाहीत, फक्त विचारावं लागतं.

पहिला क्लब मोठा, शिस्तीचा. तीन महिन्यांची फी, आठवड्याचा आराखडा मोबाईलवर, मंगळवारी ट्रॅकवर ४०० मीटरचे इंटरव्हल (म्हणजे जोरात धावायचं, थोडं सावरायचं, पुन्हा जोरात), रविवारी लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचं धावणं. तिथल्या सरांकडून मी पावलं लहान आणि भराभर टाकायला शिकले, त्याचा आजही उपयोग होतो. रविवारी मात्र गट पाडलेले असायचे: किलोमीटरला सहा मिनिटं, साडेसहा, सात. मी आठ मिनिटांची. आठचा गटच नव्हता. पहिल्या किलोमीटरनंतर अंधारात मी एकटी, आणि परत येईपर्यंत सगळ्यांचं स्ट्रेचिंग उरकून फोटोसुद्धा काढून झालेला. मी परत आले की नाही, हे कुणी बघत नव्हतं. पहाटे पाचला रस्त्यावर असलेल्या बाईसाठी ही बाब लहान नाही.

दुसरा गट टेकडीवरचा. फी नाही, सर नाहीत, माया मात्र भरपूर. धावणं झालं की मिसळ ठरलेली. पण प्रत्येक रविवार म्हणजे शर्यत. कुणीतरी म्हणायचं, ‘आज सोळा करूया,’ की निघाले सगळे, आदल्या आठवड्यात दहा केलेले असले तरी. एका काकांचा गुडघा दुखत होता, तर त्यांना सल्ला मिळाला, ‘दोन-तीन किलोमीटर झाले की आपोआप जातं.’ ते काका लंगडत लंगडत धावले. एवढी चांगली माणसं, पण तिथे थांबायची माझी तयारी नव्हती. अंतर हळूहळूच वाढवायचं असतं, आणि चाल बदलवणारं दुखणं असेल तर थांबायचंच असतं.

तिसरा क्लब जेमतेम पंचवीस जणांचा. कोचनी आधी प्रश्न विचारले: पूर्वी कुठे दुखापत झाली होती का, झोप किती होते, ऑफिसला किती वाजता निघता. मग माझ्या शेजारून धावत म्हणाले, ‘ताई, आज डब्याला काय दिलंत?’ मी सांगायला लागले: भेंडीची भाजी, पोळ्या, मुलीला वेगळं काहीतरी... ‘पोळ्या’पाशी माझा श्वास तुटला. ‘आता वेग कमी करा. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. आठवड्यातलं बहुतेक धावणं याच वेगाने.’ घड्याळाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

त्याच दिवशी मी मुद्दाम सगळ्यात मागे राहिले. माझ्याही मागे साठी उलटलेल्या एक काकू होत्या आणि त्यांच्या बरोबरीने दोन तासांच्या आत हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, पूर्ण करणारा एक मुलगा. काकूंची सोबत म्हणून आलाय असं वाटलं, पण नाही. शेवटच्या माणसाबरोबर राहायची तिथे पाळीच लावलेली असते आणि वेगवान मंडळींचीही त्यातून सुटका नसते. निघताना डोकी मोजतात, परतल्यावर पुन्हा मोजतात. वाटेत एका गाडीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, केळी, चिक्की. बायकांना स्वच्छतागृह कुठल्या पेट्रोल पंपावर मिळेल, तेही आदल्या रात्रीच कळवलेलं. माझा निर्णय तिथेच झाला.

साताऱ्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट पटली. सिंहगडाच्या घाटरस्त्यावर हे लोक चढण्याइतकाच उतरण्याचाही सराव करतात. उतारावर मागे रेलून टाचेने ब्रेक लावत आलं की मांडीच्या पुढच्या स्नायूंवर सगळा भार येतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. पावलं आखूड टाकायची, अंग किंचित पुढे. हे ऐकून समजत नाही, कुणीतरी शेजारी धावून दाखवावं लागतं. दुखापत झालेल्यांची फी पुढच्या महिन्यांत वळती होते आणि त्या काळात त्यांनी स्ट्रेंग्थच्या व्यायामाला यावं असा आग्रह असतो.

घरापासूनचं अंतरही मी धरलं होतं. पहाटे गाडीने वीस मिनिटांहून जास्त लागणार असतील तर पावसात उठणं होत नाही.

माझी मैत्रीण मात्र पहिल्याच क्लबात गेली आणि तिच्यासाठी तेच योग्य आहे. ती सहाच्या वेगाने धावते, तिला जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन करायची आहे. ४२.१९५ किलोमीटर, त्यात शेवटच्या टप्प्यात पाय जड झालेले असताना पेडर रोडचा चढ. तिला घड्याळाबरहुकूम धावणारा गट हवा होता, तो तिथे आहे. कुठल्याही क्लबात जा, फी भरण्याआधी रविवारचा एक तरी लाँग रन त्यांच्याबरोबर करा, आणि तोही मागे राहून.