पगार होतो, तरी महिना पुरत नाही

कंत्राटी सफाई कामगाराचा पगार कागदावर १५,००० धरा. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) ०.७५ टक्के म्हणजे ११३, आणि महाराष्ट्रात पुरुष असेल तर व्यवसाय कर २००. हातात १२,८८७. इथपर्यंत सगळं कायदेशीर.

खरी गळती पुढे. पीएफमधला मालकाचा हिस्साही काही कंत्राटदार कामगाराच्याच पगारातून कापतात आणि वर 'सीटीसीमध्ये (मालकाला पडणाऱ्या एकूण खर्चात) धरलंय' म्हणून सांगतात. हे सरळ बेकायदा आहे. काही जण तर कापतात, पण भरतच नाहीत. पगारपत्रकावर कपात दिसते, पासबुकात मात्र शून्य! म्हणून सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडून बघा, वर्षाअखेर नव्हे.

घर कोलमडतं ते आजारपणात. ईएसआय आजारपणात ७० टक्के मजुरी देतं, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. अट अशी, की आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. कंत्राटदार बदलला, मध्ये काही महिने नाव चढलंच नाही, की ही अट हुकू शकते. मग टायफॉइडचा महिना सावकाराच्या पैशावर निघतो.

नवा कंत्राटदार आला की जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) आणि ईएसआयचा विमा क्रमांक द्या, नवे काढू देऊ नका. पगार थकला तर एकट्या कंत्राटदाराच्या मागे धावू नका; त्याने पगार बुडवला तर द्यायची जबाबदारी मूळ आस्थापनेवर, म्हणजे ज्यांच्याकडे तुम्ही प्रत्यक्ष काम करता त्यांच्यावर येते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, सोबत हजेरीकार्डाचे फोटो जोडा.