यादीत नाव लागेपर्यंत

निवडणूक जवळ आली की आमच्या गल्लीत कार्यकर्ते येतात. हातात मतदार यादीचे कागद असतात. एक जण नाव वाचतो, दुसरा दारात हाक मारतो, "मावशी, घरात मतं किती?" वडील गेल्यापासून आई सांगायची, "एकच." पेनाने खूण केली की ते पुढच्या दाराला. मी आईच्या मागेच उभी असायचे, पण माझ्याकडे बघायचं त्यांना काही कारण नव्हतं.

गल्लीतली पोरं मात्र प्रत्येक सभेला, प्रत्येक मिरवणुकीला पुढे. गाडीत पेट्रोल, गळ्यात उपरणं, हातात झेंडा. त्यातल्या कितीतरी जणांचं नाव यादीतच नाही, हे मला फार उशिरा कळलं. तरुणांना राजकारणात सामील करून घ्या, असं सगळेच म्हणतात. मला वाटतं, त्याची पहिली पायरी ही यादी आहे आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना ती चढायला जड जाते. मला जवळजवळ तीन महिने लागले. कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

सुरुवात झाली १२ जानेवारी २०२४ ला. मी बारावीला होते. राष्ट्रीय युवा दिनाची कॉलेजची फेरी चार हुतात्मा चौकात थांबली. सोलापूरकरांना ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्यातले कुर्बान हुसेन तर विशीतले. हार घालून झाल्यावर सरांनी विचारलं, "मतदार यादीत नाव किती जणांचं आहे?" एकही हात वर गेला नाही. "एक एप्रिलपर्यंत अठरा कुणाला पूर्ण होतात?" तेव्हा मात्र बरेच हात वर झाले. माझाही. माझा जन्म फेब्रुवारी २००६ चा.

मग सरांनी जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे. त्या दिवशी अठरा पूर्ण नसतील तर पुढच्या जानेवारीची वाट बघायची. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आणि सतरा पूर्ण असतील तर आगाऊ अर्जही करता येतो. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ साली. म्हणजे माझ्या आजीला एकविशी गाठावी लागली होती. मला फक्त एक अर्ज भरायचा होता.

२५ जानेवारीला, मतदार दिनाची शपथ झाल्यावर, मी मोबाइलवर व्होटर हेल्पलाइन अ‍ॅपमध्ये फॉर्म ६ भरला. नवीन नाव घालायचं तर हाच फॉर्म. फोटो, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, घरातल्या एखाद्या मतदाराचा कार्ड नंबर. दोन्ही पुराव्यांना मी आधारच जोडलं. पण आधारवर पत्ता जुन्या खोलीचा होता. आम्ही दोन वर्षांपूर्वी ती सोडून पूर्व भागातच दुसरीकडे आलो होतो. अर्जात पत्ता नवा, कागदावर जुना.

फेब्रुवारीच्या शेवटी परीक्षा सुरू झाली. एका पेपरच्या दिवशी बीएलओ, म्हणजे आमच्या भागाच्या मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणाऱ्या बाई, चौकशीला गल्लीत येऊन गेल्या. घराला कुलूप होतं. आई तयार विड्या द्यायला कारखान्यात गेलेली. बाईंनी शेजारी विचारलं, तर शेजारच्या अक्कांनी सांगितलं, "त्या नावाची इथं कोण पोरगी नाही हो." अक्कांचं काहीच चुकलं नाही. आम्ही इथं राहायला आल्यापासून त्या मला चिन्नी म्हणतात. माझं कागदावरचं नाव त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. मार्चमध्ये अ‍ॅपवर अर्जाची स्थिती बघितली तर एकच शब्द, नामंजूर.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अठरा वर्षं या शहरात काढली, शाळा इथली, रेशन इथलं, आणि कागद म्हणतो ही इथे राहत नाही.

परीक्षा संपल्यावर १९५० या मोफत नंबरवर फोन केला. नामंजूर झाला तरी पुन्हा अर्ज करता येतो, एवढं तिथून कळलं. प्रश्न होता पुराव्याचा. घरमालकांकडे लाइट बिल मागितलं, त्यांनी दिलं नाही. खोली भाड्याने दिल्याचा पुरावा होईल, ही त्यांची भीती. नोंदणीकृत भाडेकराराची तर गोष्टच नको. मी पुन्हा फॉर्म ६ च्या सूचना सावकाश वाचल्या, तेव्हा एक ओळ सापडली. पत्त्याचा पुरावा अर्जदाराच्याच नावाचा पाहिजे असं नाही, आईवडिलांच्या नावाचाही चालतो. आणि बँकेचं पासबुक त्या यादीत होतं.

आई तेव्हा मांडीवर सूप घेऊन बसली होती. पान कापायचं, तंबाखू भरायची, बोटांत वळायची, दोरा गुंडाळायचा. तिचं पासबुक ट्रंकेत साडीच्या घडीत असतं. तिची मजुरी बँकेत जमा व्हायला लागली तेव्हा तिने पत्ता बदलून घेतला होता. तंबाखूने पिवळी पडलेली बोटं पदराला पुसून तिने ते काढून दिलं. पहिल्या पानावर आमचा नवा पत्ता, शिक्क्यासकट. माझ्या मताचा पुरावा आईच्या विड्यांनी दिला, असं मी मनापासून मानते.

लोकसभेची निवडणूक तोंडावर होती, वेळ थोडा होता. उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेआधी दहा दिवस, तोपर्यंत आलेले अर्जच त्या निवडणुकीसाठी धरतात. आमच्याकडे शेवटची तारीख १९ एप्रिल होती, म्हणजे ९ एप्रिल, पाडव्याचा दिवस. मी मार्चअखेर पुन्हा अर्ज टाकला आणि या वेळी वाट बघत बसले नाही. बीएलओ बाई अंगणवाडी सेविका आहेत हे कळल्यावर अंगणवाडीत जाऊन त्यांना भेटले. मुलांचा खाऊ वाटून झाल्यावर त्या रजिस्टर उघडून बसल्या होत्या. अंगणवाडी सांभाळून हेही काम त्यांच्याच गळ्यात. त्यांच्यावर रागावून गेलेली मी, तिथे काहीच बोलू शकले नाही. "घरी बोलवायचं नाव पण सांगत जा गं," एवढंच त्या म्हणाल्या. दोन दिवसांनी घरी आल्या आणि अक्कांना माझ्यासमोर विचारलं, "ही कोण?" अक्का म्हणाल्या, "आमची चिन्नी की."

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पुरवणी यादीत नाव दिसलं. भाग क्रमांक, अनुक्रमांक, वय १८. कार्ड आलं नव्हतं, पण यादीत नाव असेल तर आधारसारखं दुसरं मान्य ओळखपत्र चालतं, आणि तिथे फक्त ओळख पटवायची असल्यामुळे आधारवरच्या जुन्या पत्त्याने अडत नाही. उलट हातात कार्ड आहे पण यादीत नाव नाही, तर मत नाही. बरेच जण इथेच फसतात.

७ मेला ऊन मी म्हणत होतं. आई आणि मी सकाळी सातलाच रांगेत. बटण दाबलं, शेजारच्या काचेतून चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि खाली पडली.

निकालानंतर मी आणि दोन मैत्रिणींनी आमच्या गल्लीची यादी काढली. अठरा ते एकवीसमधले चौदा जण, त्यातल्या नऊ जणांचं नाव नाही. नऊपैकी चार झेंडेवाले. त्यातला एक म्हणाला, "नाव घालून काय होतंय बे?" मी त्याला यादीचा कागदच दाखवला. त्याच्या दाराचं पान, त्यात त्याचे आजोबा, वडील, आई. "तू मिरवणुकीत चार तास उन्हात फिरलास, पण त्यांच्या हिशेबात तू नाहीस," म्हटलं. तो गप्प झाला. संध्याकाळी आधार घेऊन स्वतःच आला. अक्कलकोटहून लग्न होऊन आलेल्या वहिनींना फॉर्म ६ नाही, पत्ता बदलायचा फॉर्म ८ लागला. विधानसभेआधी नऊपैकी सात नावं लागली.

नोव्हेंबरमध्ये कार्यकर्ते आले. या वेळी कागदावरून माझं नाव वाचलं. मी विचारलं, उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात, मग आम्हाला चार-पाच दिवसांआड पाणी का? तुमचे उमेदवार त्यावर काय करणार? बोलणारा अडखळला, म्हणाला विचारून सांगतो. दोन दिवसांनी दुसरे एक काका मुद्दाम आले आणि उजनीच्या दुसऱ्या जलवाहिनीबद्दल अर्धा तास बोलले. त्यांचं सगळंच मला पटलं नाही. पण सातही जण ओट्यावर बसून ऐकत होते, आणि झेंडेवाल्यानेच त्यांना दोन उलट प्रश्न केले.

निवडून देता येतं, पण उभं राहायचं तर महापालिकेला २१ आणि विधानसभा-लोकसभेला २५ पूर्ण लागतात. लोकसभा-विधानसभेची ही मर्यादा १८ वर आणा, अशी शिफारस २०२३ मध्ये संसदेच्याच समितीने केली होती, निवडणूक आयोगाला ती मान्य नव्हती. मला समितीचं म्हणणं पटतं. पोरांना झेंडा धरायला वयाची अट नसते, मग अर्ज भरायलाच का असावी? मला पंचवीस पूर्ण होतील २०३१ मध्ये.

धाकट्या भावाला सतरा पूर्ण झाले त्याच आठवड्यात त्याचा आगाऊ अर्ज भरायला घेतला. पत्त्याला आईचं पासबुक, आणि अक्कांना आधीच सांगून ठेवलंय की बंटीचं खरं नाव काय ते.