गिरणगावातला पाऊस हवाय

आज अख्खा दिवस एडिटवर बसून मुंबईचा पाऊस शोधत होते. बाहेर धो धो कोसळत होता, पण डॉक्युमेंटरीला हवाय १९७०च्या दशकातला लालबाग-परळचा पाऊस.

परदेशी स्टॉक साइट्सवर (तयार फुटेज विकणाऱ्या) तेच ते. मरीन ड्राइव्हवर ड्रोन, स्लो मोशनमध्ये छत्री. 'इंडियन फार्मर' टाकून बघा, कडक इस्त्रीच्या कुर्त्यातला शेतकरी टॅबलेटकडे बघून हसतोय! (कोण विकत घेतं हे? जाहिरातवाले घेतात, आणि भरपूर घेतात.)

जुना ऐवज म्हणाल तर फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेचा. १९४८पासून ते थिएटरसाठी न्यूजरील, म्हणजे बातम्यांच्या छोट्या फिल्म्स, काढत. २०२२मध्ये सगळं एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झालं. असं आर्काइव्ह फुटेज बहुधा सेकंदाच्या भावानं मिळतं. टीव्हीचे हक्क वेगळे, ओटीटीचे वेगळे, भारताबाहेर दाखवायचं तर मीटर आणखी वर.

संध्याकाळी एका खासगी संग्रहातला प्रिव्ह्यू मिळाला. पाळी सुटलेली, फाटकातून माणसं बाहेर पडतायत, डोक्यावर गोणपाटाची खोळ, एकानं जेवणाचा डबा सदऱ्याखाली धरलाय. आणि वॉटरमार्क नेमका त्याच्या तोंडावर! रेट ऐकून निर्माते म्हणाले, "एआयवर बनवून घेऊ की." फिक्शनला चालवा हो, डॉक्युमेंटरीत असला खोटा गिरणी कामगार मी लावणार नाही. कोटेशन पाठवलंय, उत्तर आलं, "बघू".

तोवर कुणाच्या घरी जुनी ८ एमएमची रिळं माळ्यावर पडली असतील तर इनबॉक्स करा. पैसे आणि क्रेडिट, दोन्ही देऊ.