दोनदा मोठा केलेला पडदा

कामासाठी आलेला लॅपटॉप 15.6 इंची, पडदा 3840 बाय 2160 ठिपक्यांचा, म्हणजे 4के. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम), त्यात उबंटू 22.04 ही लिनक्स सिस्टिम. तक्रार एका ओळीची: अक्षरं धूसर दिसतात आणि लिब्रेऑफिस या ऑफिस प्रोग्रॅमच्या छपाईच्या चौकटीचं खालचं बटण पडद्याबाहेर जातं.

बटणाचा प्रश्न तात्पुरता सोपा. सुपर की (विंडोजचं चिन्ह असलेली) दाबून धरायची आणि खिडकी कुठेही पकडून वर ओढायची. पण धूसरपणा का?

उबंटूच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडला. रिझोल्यूशन दिसलं 1920 बाय 1080, तेही पूर्ण पडद्यावर. तिथेच पाणी मुरत होतं. अक्षरं मुंगीएवढी दिसतात म्हणून व्हर्च्युअलबॉक्सचा स्केल फॅक्टर, म्हणजे आतलं चित्र किती पट मोठं दाखवायचं ते प्रमाण, आधी 200 टक्के केलेला. त्यामुळे उबंटू निम्म्याच मापाचं चित्र काढतो आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याचा एकेक ठिपका चार ठिपक्यांवर ताणतो. तयार चित्र असं ताणल्यावर अक्षराची कड फुटणारच. त्यावर कुणीतरी उबंटूतही 200 टक्के लावलेले. वापरायला उरली जागा 960 बाय 540 एवढी. चौकट मावेल कशी?

मोठं करायचं ते एकाच ठिकाणी, आणि ते आतल्या सिस्टिममध्ये, कारण तिथे अक्षर मुळातच मोठं काढलं जातं. उबंटूचं आभासी मशीन बंद केलं, व्हर्च्युअलबॉक्सचा स्केल फॅक्टर 100 वर आणला. व्हिडिओ मेमरी 16 एमबीच होती. 4के पडद्याच्या एका चित्रालाच साधारण 32 एमबी लागतात, म्हणून ती सरळ 128 केली. ग्राफिक्स कंट्रोलर, म्हणजे मशीनचं आभासी ग्राफिक्स कार्ड, व्हीएमएसव्हीजीए प्रकारचा होता, तो तसाच ठेवला. लिनक्ससाठी तोच बरा.

मशीन सुरू केलं, तर व्हर्च्युअलबॉक्सच्या व्ह्यू मेनूतलं ऑटो-रिसाइझ (खिडकीच्या मापाप्रमाणे रिझोल्यूशन आपोआप बदलणारा पर्याय) करडं, म्हणजे बंद. त्यासाठी लागणाऱ्या गेस्ट ॲडिशन्स (आतल्या सिस्टिममध्ये घालायचे व्हर्च्युअलबॉक्सचे जोड-प्रोग्रॅम) घातलेल्या होत्या, पण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलल्यावर त्यांचं मॉड्यूल पुन्हा बांधलंच गेलं नव्हतं. ते बांधायला लागणारी जीसीसी, मेक, पर्ल ही साधनं आणि चालू कर्नलचे हेडर्स घातले, ॲडिशन्सची सीडी पुन्हा चालवली, रीबूट केलं. आता 3840 बाय 2160 आपोआप आलं. आतले 200 टक्के तसेच ठेवले. अक्षरं कोरल्यासारखी.

ती थोडी मोठी वाटली. 150 किंवा 175 टक्क्यांचा मोह मी टाळतो: तिथे चित्र आधी मोठं काढून मग लहान केलं जातं, आणि व्हर्च्युअल मशीनला तो भार जाणवतो. त्याऐवजी उबंटूच्या ट्वीक्स या जादा सेटिंग्जच्या प्रोग्रॅममध्ये फॉन्टचा स्केलिंग फॅक्टर 0.9 केला. छपाईच्या चौकटीचं बटण आता ओढाओढ न करता दिसतं.