डिस्चार्ज कार्डावर न लिहिलेले तीन आकडे

सासूबाईंना सीओपीडी, म्हणजे श्वासाची वाट अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. विडी-सिगारेट कधी हातात धरली नाही, पण निम्मं आयुष्य चुलीच्या धुरात गेलं आणि फुप्फुसांची वाट लागायला तेवढं पुरलं. दवाखान्यातून सोडताना कार्डावर ऑक्सिजनपुढे लिहिलं होतं फक्त ‘एसओएस’. लागला तर लावा! मी नर्स आहे, त्यामुळे याचा राग अजून गेलेला नाही. गोळीपुढे मिलिग्रॅम लिहितात, वेळा लिहितात. ऑक्सिजनही औषधच आहे, मग त्याचा डोस का नाही लिहायचा?

तीन आकडे मागूनच घ्या : मिनिटाला किती लिटर, दिवसातून किती तास आणि सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, बोटाला लावायच्या मीटरवर दिसते ती) किती ते किती ठेवायचं. सीओपीडीत सॅच्युरेशन साधारण ८८ ते ९२ टक्के ठेवतात. घरच्यांना ९८ दिसलं की हायसं वाटतं, म्हणून ते नॉब फिरवत जातात. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांना हेच बाधतं. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही, तिथल्या आकसलेल्या रक्तवाहिन्या जास्तीच्या ऑक्सिजनने मोकळ्या होतात. रक्त तिकडे वळतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर न टाकताच परत फिरतं. मीटर छान आकडा दाखवत राहतं आणि माणूस गुंगीत जातो. सकाळी डोकं जड, दिवसा झापड, असंबद्ध बोलणं, पुढे धरलेले हात फडफडणं, यातलं काहीही दिसलं तर दवाखाना गाठा. घाबरून ऑक्सिजन एकदम बंद मात्र करू नका, सॅच्युरेशन झपकन खाली येतं. प्रवाह ८८ ते ९२ मिळेल इतकाच ठेवा.

हे आकडे ठरवायला एबीजी, म्हणजे मनगटाच्या धमनीतल्या रक्ताची तपासणी लागते. आमचं घोडं अडलं ते तिथे. रिपोर्ट आला, त्यात रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ६४ (मिमी पारा), आणि रक्त घेताना रुग्ण साध्या हवेवर होता की ऑक्सिजनवर, ती जागा कोरी. साध्या हवेवर ६४ असेल तर घरी कायमचा ऑक्सिजन लागत नाही. २ लिटरवर ६४ असेल तर गोष्टच वेगळी. वॉर्ड म्हणे लॅबने भरायचं, लॅब म्हणे वॉर्डने. शेवटी पुन्हा सुई टोचावी लागली, आणि धमनीतली सुई शिरेतल्या सुईपेक्षा खूप जास्त दुखते.

म्हणून रक्त घेतानाच फॉर्मवर लिहून घ्या : साधी हवा की ऑक्सिजन, किती लिटर, नळी की मास्क. प्रवाह बदलला असेल तर २० ते ३० मिनिटं थांबूनच रक्त घ्यायचं. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा लगेच काढायचा, नाहीतर आकडे बदलतात. नंतर जागा निदान ५ मिनिटं दाबून धरायची. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आणखी जास्त.

साध्या हवेवर दाब ५५ किंवा त्याखाली, किंवा सॅच्युरेशन ८८ किंवा त्याखाली असेल, तर रोज किमान १५ तास ऑक्सिजन. ५६ ते ५९ असेल तर हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आहे का, रक्त घट्ट झालंय का, हे बघून ठरवतात. आजार उसळल्यावर लगेच घेतलेले आकडे वाईटच येतात, म्हणून ६० ते ९० दिवसांनी फेरतपासणी हवी. तीही तारीख कार्डावर लिहून घ्या.

या १५ तासांत झोपही धरायची. धाप लागली की लावायचा आणि बरं वाटलं की काढायचा, असा हा ऑक्सिजन नाही. सॅच्युरेशन ९१ असताना धाप लागली तर नॉबला हात लावू नका. पुढे वाकून, हात टेबलावर टेकवून बसवा, नाकाने श्वास घ्यायला आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडायला सांगा, आणि डॉक्टरांनी दिलेला तातडीचा पंप (इनहेलर) स्पेसर, म्हणजे फवारा धरून ठेवणारं नळकांडं, लावून द्या.

आकडे हातात आल्यावर हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन (कॉन्सन्ट्रेटर) सहज मिळालं. ते भिंतीपासून फूटभर दूर ठेवा, बाहेरची जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवा. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॉट खातं, घरचा इन्व्हर्टर फार वेळ तग धरत नाही. म्हणून बी टाइप सिलिंडर भरून ठेवलाय : सुमारे १५०० लिटर, मिनिटाला १ लिटरने २५ तास. फ्लोमीटरवर, म्हणजे प्रवाह दाखवणाऱ्या नळीवर, आकडा आतल्या तरंगत्या गोळीच्या मध्याशी वाचायचा.

नेब्युलायझर (औषधाचा बारीक फवारा देणारं यंत्र) कॉम्प्रेसरच्या हवेवरच चालवा, ऑक्सिजनवर नको. तेवढा वेळ नाकातली नळी चालू राहू द्या. नळीची टोकं खाली वळलेली हवीत. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन नाही, पाण्यात विरघळणारं जेल. कानामागे नळी काचते, तिथे कापूस. मीटर लावायच्या बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको आणि बोट गार असेल तर आधी चोळून गरम करा.

आणि देवघर. समई, उदबत्ती, गॅस यांच्यापासून नळी निदान १० फूट लांब. सासूबाईंनी आरतीला जवळ बसायचा हट्ट धरला, तेव्हा समई काढून विजेचा दिवा लावला.