तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या बुक क्लबात खरंच पुस्तकावर बोलणं होतं का?

होतं. पण हा प्रश्न इतक्यांदा येतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर "नुसत्या गप्पाच हाणत असाल" असं इतकं स्पष्ट लिहिलेलं असतं, की एकदा नीट सांगूनच टाकते.

आम्ही सगळे रिटायर्ड शिक्षक. महिन्यातून एकदा भेटतो, पुस्तक आधीच्या महिन्यात ठरलेलं असतं. पहिले काही महिने म्हणजे नुसता गोंधळ होता हो. ज्यांनी आयुष्यभर पिरियडभर एकट्यानं बोलायचं आणि समोरच्यांनी ऐकायचं एवढंच केलं, असे सगळे एका खोलीत बसवले तर काय होणार? प्रत्येकजण समजावून सांगतोय, ऐकणारा कोणीच नाही. मग नियम केला की गोष्ट सांगायची नाही, ती सगळ्यांनी वाचलीये, तुम्हाला काय खटकलं किंवा काय आवडलं तेवढंच बोला. हे जमायला वेळ लागला, कारण आम्हाला मॉडेल आन्सरची सवय, आणि इथे ते नसतंच.

आमचे गणिताचे सर वापरलेल्या पाकिटाच्या मागे पान नंबर लिहून आणतात, समोर बारीक अक्षरात आक्षेप. एकदा कादंबरीतल्या आईनं मुलाचं पत्र लपवलं ते बरोबर की चूक यावर त्यांचं आणि भाषेच्या बाईंचं असं जुंपलं की बास. सर म्हणाले, चूक म्हणजे चूक, त्यात अर्धे मार्क नसतात. बाई शांतपणे म्हणाल्या, मी पण लपवलं होतं एकदा. सरांनी पाकीट उलटं करून ठेवलं, आणि मग बराच वेळ त्या पत्राबद्दलच बोललो आम्ही, पुस्तकातल्या नाही, बाईंच्या.

इतकी वर्षं एका स्टाफरूममध्ये काढली पण तिथे बोलणं काय, तर पोर्शन, पेपर तपासणी, कोणाचा प्रॉक्सी कोण घेणार, आणि जरा रंगात आलं की बेल. मैत्री म्हणावी असं आत्ता कुठे सुरू झालंय, आणि ते भांडणातून झालंय असं माझं स्पष्ट मत आहे.

मध्ये मुलीनं येल विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१६ चा अभ्यास पाठवला, पन्नाशीपुढच्या ३,६३५ लोकांचा, पुस्तकं वाचणाऱ्यांमध्ये १२ वर्षांत मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांपेक्षा साधारण २० टक्के कमी दिसला म्हणे. (विज्ञान शिकवलंय म्हणून सांगते, असा संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही.) ग्रुपवर टाकला तर सरांचा पहिला प्रश्न, कंटाळवाणी पुस्तकं धरली आहेत का त्यात?

बाकी अडचणी वयाच्याच. बारीक टाइप वाचवत नाही, म्हणून कोणी किंडलवर अक्षर मोठं करून वाचतं, कोणी ऑडिओबुक ऐकतं. ऐकणं म्हणजे वाचणं का, यावर एक अख्खी मीटिंग गेली, निकाल लागलेला नाही.

आणि हो, तुमच्यातले काही विचारतात की पुस्तक पूर्ण झालं नसेल तर आलं तर चालेल का. या की, खुशाल या. फक्त वाचलंय असं दाखवू नका. आम्ही सगळ्यांनी जन्मभर होमवर्क तपासलाय, दोन वाक्यांत कळतं.