"सर, किती लावू?"

लालबागमधील ज्या मुलींच्या कबड्डी संघाला मी आठवड्यातून तीन दिवस ताकदीचे प्रशिक्षण देतो, त्यातील १७ वर्षांची उजवी कोपरारक्षक प्रत्येक सेटपूर्वी एकच प्रश्न विचारत असे : "सर, किती लावू?" मी आकडा सांगे, ती तेवढ्या प्लेट चढवी आणि "अजून एक, अजून एक" या माझ्या ओरडण्यावर सेट पुरा करी. या शिस्तीचा मला, खरे सांगायचे तर, अभिमान होता.

गेल्या जुलैत एका स्पर्धेत मैदानाबाहेरून ओरडून माझा घसा पार बसला आणि डॉक्टरांनी आठवडाभर बोलणे बंद केले. सोमवारी मी फळ्यावर एवढेच लिहिले : "स्क्वॉट, पाच-पाचचे चार सेट. प्रत्येक सेटनंतर आणखी दोन निघतील इतकी ताकद राखा. वजन तुम्ही ठरवा."

सवयीने तिने प्रश्न विचारला. मी फळ्याकडे बोट दाखवले. मग तिने नेहमीचे ६० किलो लावले, दोनदा बसून बार स्टँडवर ठेवला आणि १० किलो उतरवले. आवाज असता तर मी नक्की ओरडलो असतो. ५० किलोवर मात्र ती पूर्ण खाली गेली, तिथे क्षणभर थांबली आणि सावकाश उठली. पुढच्या सेटला तिने डाव्या कोपऱ्याच्या मैत्रिणीला टाच उचलली जाते का, हे बाजूने पाहायला उभे केले.

"वजन का उतरवलेस?" असे मी वहीत लिहून विचारले.

"सर, ६० ला मी अर्ध्यातूनच वर येते. घोटा पकडते तेव्हा मात्र अगदी खालून उठायला लागते, आणि तिथेच रेडर मला ओढत मध्यरेषेपर्यंत नेते."

हे तिने आधी कधी सांगितले नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते.

त्या रात्री मला माझी जुनी योजना आठवली. महिन्यात सर्वाधिक वजन उचलणारीला मी प्रोटीनचा डबा देत असे. तीन महिन्यांनी पैसे संपले, आणि हजेरी योजनेपूर्वीपेक्षाही घसरली. तेव्हा मी मुलींना दोष दिला होता. वास्तविक मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांचा १९७१ चा प्रयोग, ज्यात कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेले विद्यार्थी पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळेत त्या कोड्यांकडे पूर्वीपेक्षा कमी वळले, मी अभ्यासक्रमात वाचला होता, पण परीक्षेपुरताच. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे आंतरिक प्रेरणेसाठी स्वायत्तता, क्षमतेची जाणीव आणि आपुलकी या तीन गरजा मांडल्या. सोमवारी त्या तिन्ही माझ्यासमोर होत्या, टाच पाहणाऱ्या मैत्रिणीसकट.

सगळ्यांच्या बाबतीत हे साधले नाही. एक चढाईपटू आकड्यावाचून आठवडाभर बाकावर बसून राहिली. तिला मी अजूनही वजन लिहून देतो. फक्त शेवटच्या सेटचा रकाना कोरा ठेवतो.